आठ टिंबं

...बस आहे हो! बस नाही असं मी कधी म्हटलं? अमळनेर ते धुळे, अर्ध्या-अर्ध्या तासाला यष्टी सुटते, सव्वा तासात माणूस धुळ्याच्या स्टँडवर, तिथून झुलालचं घर पायी दहा मिनिटं... मला काय रस्ता माहीत नाही? पण ज्याला त्याला तेच! दूधवाला तेच सांगतो, शेजारच्या लताबाई तेच सांगतात, सुरतेहून पोराचा फोन आला की तोही तेच, "आप्पा, एवढं काय टिंब-टिंब करत बसता, बसमध्ये बसा आणि जाऊन या!" अरे, बसनं जाणं हा काय प्रयोग झाला? बसनं तर बकरीसुद्धा जाते! मी जे करतोय ते वेगळंच आहे... बसा, सांगतो. तुम्हाला गडबड असेल तर तसं बोला. आपल्याला काही घाई नाही.

तर तुम्हाला सांगतो, माझ्याकडे एक रेडिओ आहे. ऐकायचा नव्हे, बोलायचा. परवान्याचा! हौशी रेडिओवाले म्हणतात आम्हाला. परवान्याच्या चौकशीला हवालदार घरी आला, पाण्याचा पेला हातात धरून विचारतो, "काका, कोणकोणत्या देशांशी बोलणार तुम्ही?" म्हटलं, धुळ्याशी. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो... "धुळ्याशी बोलायला परवाना लागतो?" म्हटलं, माणसावर अवलंबून आहे! त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं, 'अर्जदाराचा धुळ्याशी बोलण्याचा इरादा आहे.' आता इतकं खरं वाक्य सरकारी कागदावर दुसरं कुठलं असेल हो?

यंत्र माझं मीच जोडलेलं. साबणाच्या डबीत मावतं, टॉर्चच्या सेलवर चालतं आणि ताकद म्हणाल तर टॉर्चच्या बल्बाला लागते तिच्या शंभराव्या हिश्शाएवढी. हसा, हसा... सगळे हसतात! पण गंमत अशी आहे की आवाज जितका बारीक तितकं सावकाश बोलायचं, मग तो पोचतो. हे मी नाही शोधलं, परदेशातल्या हौशी मंडळींनी शोधलंय, मुंबईच्या एका ओळखीच्या माणसानं लेखाची झेरॉक्स पाठवली होती. ते तुम्ही तारेचं कट्ट-कडकट्ट म्हणता ना? त्यातलं एक टिंब, म्हणजे आखूड ठोका, एक मिनिटभर धरायचं आणि एक रेघ, म्हणजे लांब ठोका, तीन मिनिटं! नुसतं 'कट्ट' म्हणायला एक मिनिट! कानानं हे ऐकायला गेलात तर कान झोपून जाईल, म्हणून ऐकायला कागद लागतो. इथली एक तेलगिरणी बंद पडली, तेल किती तापलं त्याची कागदावर रेघ ओढत बसणारी दोन यंत्रं तिथून तोताराम भंगारवाल्याकडे आली. एक मी आणलं, एक झुलालनं. कागदाची गुंडाळी हळूहळू सरकते, सिग्नल आला की पेन उडी मारून वर चढतं, गेला की खाली उतरतं. बास. आता बघा, परवान्यात जे नाव मिळालंय ना मला, सहा अक्षरांचं, ते आधी पाठवावंच लागतं, नियम आहे, आणि नुसतं ते नाव पाठवायला मला लागतो सव्वा तास. म्हणजे 'मी बोलतोय' एवढं सांगून होईतो बस धुळ्याला जाऊन लागलेली असते! पण म्हटलं ना, आपल्याला काही घाई नाही.

हा झुलाल कोण? अहो, झुलाल म्हणजे... तारघरातला माझा जोडीदार. जोडीदार म्हणजे शेजारी बसणारा नव्हे. तो धुळ्याला, मी अमळनेरला, मध्ये तार. तीस वर्षं! तीस वर्षांत समोरासमोर भेटलो असू आठ-दहा वेळा, तेही कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या दहाव्याला. पण रोज सकाळी लाईन उघडली की पहिलं बोलणं आमचं. आता खात्याची रीत इंग्रजीतली, अमुक कोड, तमुक कोड... आम्ही काय करायचो? मी इथून ठोकायचो, 'शे का?' आणि तिकडून तो ठोकायचा, 'शे.' झालं! आहेस का, आहे. आपल्या खानदेशात 'आहे'ला 'शे' म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको, पण तारेवर ते जातं इंग्रजी अक्षरांत, एस, एच, ई. आणि त्यातली मजा बघा, एसला तीन टिंबं, एचला चार, ईला एक. सगळी टिंबंच! एकसुद्धा रेघ नाही. इतक्या स्वस्तात 'आहे' म्हणता येणारी भाषा जगात दुसरी दाखवा मला!

पण त्याच 'शे'नं एकदा गोत्यात आणलं. मुंबईहून तपासणीला साहेब आलेले, शेजारी खुर्चीवर बसलेले, आणि त्यांना टिंब-रेघा कानानं कळतात हे मला काय माहीत! मी आपलं सवयीनं ठोकलं, 'शे का?' तिकडून झुलाल, 'शे!' साहेबांनी चष्मा काढला. "मिस्टर पितांबर... हू इज धिस शी?" म्हटलं, सर, 'शे' मीन्स 'इज'. "शी इज व्हॉट?" इज, सर. "येस, बट शी इज व्हॉट?" नुसतंच इज, सर! साहेब लालबुंद. आठ दिवसांनी मेमो आला, 'कामाच्या वेळी तारेवरून एका स्त्रीची चौकशी केल्याबद्दल.' तो मेमो नेमका लागला माझ्या मंडळींच्या, लिलाबाईच्या हाती. तिनं वाचून घेतला कुणाकडून तरी, आणि चुलीपुढून उठून दारात आली, कमरेवर हात... "कोन शे ती?" म्हटलं, शे! "हा, पन कोन शे?" अहो, शेच शे! तीन दिवस मला भाकरी नीट मिळाली नाही. झुलालला तारेवरून हे सांगितलं तर तो हसला. तारेवर हसता येतं बरं का, टिंबं अशी उधळून द्यायची... तो हसला की मला इथे कळायचं.

मी एकोणनव्वदला रिटायर झालो, पुढच्या वर्षी लिलाबाई गेली. पोरगा सुरतेला. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. बाहेरून आलो की ओट्यावरूनच ती विचारायची, "घर मा कोनी शे का?" म्हणजे मीच बाहेरून येतोय आणि तीच मला विचारतेय! तिची आपली थट्टा. आता कुणी विचारत नाही. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं. दुपारी तर फारच. म्हणून तर हा परवान्याचा उद्योग! झुलालही तोवर रिटायर झालेला, त्याला कार्ड टाकलं, दोघांनी अर्ज केला, दोघांना परवाना मिळाला, दोघांनी यंत्रं घेतली, आणि ठरवलं, रोज दुपारी दोन वाजता सुरू करायचं. दोन म्हणजे दोन. तारखात्यातली माणसं आम्ही, वेळ चुकायची नाही.

आणि तेवढ्यात ते जळगाव घडलं.

जळगावला हौशी मंडळींनी कॉलेजच्या पोरांपुढं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मी तारेची कळ ठोकायची, झुलालनं ऐकून फळ्यावर लिहायचं. मी पाठवलं 'खानदेश'. आता एक सांगतो... माझा हात. तारबाबूचा 'हात' म्हणजे काय असतं ठाऊक आहे? गवयाचा गळा तसा तारबाबूचा हात. नुसत्या ठोक्यांवरून ओळखायचे, हा अमळनेरचा पितांबर. तर त्या दिवशी एचची चार टिंबं ठोकायची, तिथे पडली पाच. पाच टिंबं म्हणजे पाचचा आकडा. आता खात्याचा नियम असा की जे ऐकू आलं तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. झुलालनं लिहिलं! 'खानदेश'च्या पोटात एक पाचचा आकडा, शेवटाला आणखी एक पाचचा आकडा! पोरं खो-खो हसली. झुलालनं खडू खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत, भर सभेत म्हणाला, "पितांबर, तुना हात थरथरस. आते बस कर."

बस कर! मला! तीस वर्षांत एक तार चुकवली नाही त्या माणसाला! मग मीही बोललो, म्हटलं, "आन तू? तू तं मधली जागाच खाई टाकस!" आणि ते खरंच आहे हो, झुलाल जागा खातो. दोन अक्षरांच्या मध्ये जी जागा सोडायची असते ती तो सोडतच नाही, एका अक्षराला दुसरं चिकटवत जातो, मला सवय म्हणून कळायचं, दुसरा असता तर वेडा झाला असता!  येताना तो धुळ्याच्या बसमध्ये बसला, मी गाडीनं अमळनेरला आलो.

थरथरतो हात. खरंच थरथरतो. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, फरक नाही. पण त्यानं बोलायचं का? सभेत?

मग काय, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बसलो. या सावकाश प्रकारात एक बरं आहे, ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतो. मिनिटभर कळ दाबून धरायची, तळहातानं, सगळा भार देऊन. हात आत काय थरथरायचा तो थरथरू दे, पेन इतकं सुस्त की ती थरथर कागदावर पोचतच नाही. रेघ सरळ येते! कुणी म्हणणार नाही की हा थरथरणाऱ्या हाताचा माणूस आहे. म्हटलं, झुलालनं हे एकदा बघू दे. एवढंच. दोन ते चार पाठवायचं, आधी नाव सव्वा तास, मग 'शे का?', आणि चार ते सहा कागदापुढं बसून राहायचं. त्यानं नुसतं 'शे' म्हटलं तरी पुरे होतं मला.

एक महिना गेला. दोन गेले. कागद कोरा. फोन? फोनवर आधी कुणी बोलायचं हो? आणि 'बस कर' कोण म्हणालं होतं, मी का तो?

तिसऱ्या महिन्यात पेन उडालं! मी उडालो! लांब रेघ... मग खाली... मग परत लांब रेघ... जागच्या जागी नाचलो. चार दिवस मी त्या रेघांना उत्तरं दिली, 'झुलाल, बरा का', 'झुलाल, पाऊस कसा'... तेही दोन ते चारच्या आत, बसेल तेवढंच! पाचव्या दिवशी लताबाईंना पेढा द्यायला गेलो, म्हटलं, मित्र बोलला. बोलता बोलता त्यांचा फ्रीज घर्र करून सुरू झाला, आणि खिडकीतून मला माझं पेन दिसत होतं... पेन वर! फ्रीज थांबला, पेन खाली! लताबाई माझ्या तोंडाकडे बघतात, "काय व्हयनं, भाऊ?" काय सांगू त्यांना? चार दिवस मी तुमच्या फ्रीजची खुशाली विचारत होतो म्हणून? पेढा मीच खाल्ला आणि घरी आलो. म्हटलं, जाऊ दे. आपल्याला काही घाई नाही.

अकरा महिने! आणि मग मागच्या बुधवारी... त्या दिवशी हात फारच वाईट होता. तळहात कळीवर ठेवला की कळच खडखडायची. दोन वाजले, मी बसलो, आणि उठलो. म्हटलं, आज नको. आज आपल्याच्यानं होत नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा पाठवलं नाही. नुसतं कागदाचं यंत्र चालू करून दिलं, उगाच, घरात काहीतरी हलत राहावं म्हणून, आणि खाटेवर पडलो.

दोनला पेन वर चढलं.

मी आधी खिडकीतून ओरडलो, "लताबाई, फ्रीज बंद करा!" त्या आतून, "बंदच शे भाऊ, बर्फ काढी राहिनू!" मग कोण? टिंब... टिंब... टिंब... रेघ... आणि लगेच पुढचं अक्षर. मध्ये जागाच नाही! अहो, फ्रीजसुद्धा दोन रेघांच्या मध्ये श्वास घेतो, पण ह्याच्यात... जागा खाल्लेली! तेव्हाच मला कळलं. नाव पुरं व्हायला सव्वातीन वाजले, पण मला पहिल्या दोन अक्षरांतच कळलं होतं की हा झुलाल. मी रडलो. सांगायला लाज कसली? म्हातारा माणूस खाटेवर बसून तेलगिरणीच्या कागदाकडे बघून रडला.

नावामागून आली टिंबं. एक, दोन, तीन... मोजतोय मी... सात, आठ! आठ टिंबं! आणि तेवढ्यात लाईट गेली. यंत्र बंद. सहाला लाईट आली तेव्हा तिकडे सामसूम.

आता तुम्ही म्हणाल, आठ टिंबं म्हणजे तीन, चार आणि एक, म्हणजे 'शे', मिटलं! कुठलं मिटतंय? तारखात्यात सलग आठ टिंबं म्हणजे काय, ठाऊक आहे? 'चुकलं. मागचं खोडा.' हात चुकला की आठ टिंबं ठोकायची, समोरचा मागचा शब्द खोडतो. आता झुलालनं जागा सोडल्या असत्या तर कळलं असतं की हे 'शे' का ते 'खोडा'! मी पट्टी लावून मोजलं, दोन टिंबांत एक मिनिट जागा, दोन अक्षरांत तीन मिनिटं. नीट 'शे' असतं तर एकोणीस मिनिटं लागली असती, नीट 'खोडा' असतं तर पंधरा. ह्याला लागली सोळा! सोळा मिनिटं म्हणजे काय हो? आणि 'खोडा' असेल तर काय खोडा? 'तुना हात थरथरस' हे खोडा? म्हणजे त्याला पस्तावा झाला? का तीस वर्षं खोडा? का नुसताच त्याचा हात चुकला आणि लाईट गेल्यावर तो पुढं काही बोलत बसला? दोन दिवस मी तो कागद उलटा धरून बघितला, उजेडाला धरून बघितला. शेवटी लताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग धुयाले जाई या ना, भाऊ!"

गेलो. बसनं! जिंकलात तुम्ही सगळे.

कागदाची गुंडाळी पिशवीत. दार झुलालनंच उघडलं. वाळलाय. म्हणाला, "उना का?" म्हटलं, उनू. आलो. मी कागद पसरला, म्हटलं, हे काय? शे का खोडा? तर तो कागदाकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि एकदम भडकला! "अरे, 'शे का' इचारी राहिंतू मी! 'का' बाकी व्हता! अकरा महिना व्हई गयात, मी रोज दोन वाजता इचारस, 'शे का', आन तू एक दिन बोलना नही!"

म्हटलं, किती वाजता?

"दोन! दोनच ठरेल व्हतं ना!"

मग?

"मंग काय, चार ते सहा मी तुना जबाबनी वाट देखस!"

 भागाबाई, म्हणजे त्याची बायको, चहाचं आधण ठेवता ठेवता तिथूनच म्हणाली, "दोन्ही येडाच शेतस." काय चुकीचं बोलली? अकरा महिने, रोज दोन ते चार, मी त्याला विचारतोय आहेस का, तो मला विचारतोय आहेस का, आणि चार ते सहा दोघंही कोऱ्या कागदापुढं कान देऊन बसलेलो! दोन वाजता सुरू करायचं हे ठरलं होतं, पण आधी कुणी, ते ठरलंच नव्हतं. मी ज्या दिवशी हरून खाटेवर पडलो, त्याच दिवशी तो मला ऐकू आला.

आता वाटेल, मग गप्पा रंगल्या असतील. छे! बोलायला काही सुचेचना. समोरासमोर बोलायची आम्हाला सवयच नाही हो! त्यानं विचारलं, पाऊस? म्हटलं, बरा. मी विचारलं, तब्येत? म्हणाला, चालू शे. मग तो भिंतीकडे बघतो, मी दाराकडे बघतो. भागाबाईनं चहाचे दोन भरलेले कप आणून ठेवले. झुलालनं माझा कप उचलला, त्यातला अर्धा आपल्या बशीत ओतून घेतला आणि मग माझ्यापुढं ठेवला. सांडू नये म्हणून.  मी प्यायलो. एक थेंब सांडला नाही.

पाचच्या बसला सोडायला आला. एवढं ठरलं की विषम तारखेला मी बोलायचं, सम तारखेला त्यानं. मी खिडकीशी बसलो, तो खाली उभा. म्हटलं, आता तरी बोलेल... जळगावचं काही. मीही बोलणार होतो, जागेचं. कंडक्टरनं घंटी मारली. आणि गाडी हलता हलता झुलालनं बोटातल्या अंगठीनं खिडकीखालच्या पत्र्यावर ठोकलं. टक टक टक टक टक टक टक टक. मोजले मी. आठ.

'शे' म्हणाला का 'खोडा' म्हणाला?

अहो, कसं कळणार? मेल्यानं मधली जागा खाल्ली! हसू आलं, डोळेही भरले, आणि तोवर गाडी स्टँडबाहेर. आता त्याला विचारायचं म्हणजे आधी नाव सव्वा तास, मग प्रश्न दोन तास, आणि आज तारीख सम, आज त्याची पाळी, मला बोलता येत नाही. उद्या विचारीन. उद्या हात चालला तर. नाहीतर परवा तो बोलेलच... आपल्याला काही घाई नाही.